पितळेची टिकली
परवा गॅरेजमध्ये बायको जुन्या टेबलाला जवसाचं तेल चोळत होती. तो वास नाकात शिरला आणि मी उठून बाहेर मोकळ्या हवेत गेलो. इथे परदेशात, नेपरव्हिलला, आम्ही नवीन असताना मराठी मंडळातल्या एका काकांनी जेवायला बोलावलं होतं. बाहेर गुडघाभर बर्फ, आत मटणाचा घमघमाट, आणि तळघरात त्यांनी हौसेने जमवलेल्या जुन्या ब्रिटिश शिकारी रायफली, एका वेळी एकच गोळी घेणाऱ्या. नुकतंच हेच तेल लावलेली एक काकांनी माझ्या हातात दिली. अक्रोडाच्या चिकट दस्त्यात चांदीच्या बारीक टिकल्या ठोकलेल्या होत्या. “एक टिकली म्हणजे एक वाघ. तुमच्या चंद्रपूरकडचेच बरं का,” काका म्हणाले. शेवटची टिकली मात्र पितळेची होती. ती कशाची, मी विचारलं. “तो हाकेवाला. ढोल बडवून वाघ उठवताना गोळीच्या मध्ये आला,” म्हणून ते हसले. “साहेबाचा सेन्स ऑफ ह्यूमर बघ!” माझा अंगठा नेमका तिच्यावर होता, मी तो झटकन उचलला. “काका, असेच साहेब माझ्या पणजोबांना वेठीला धरून हाक्याला न्यायचे,” मी म्हणालो. आता तरी ते गप्प होतील असं वाटलं. “काय सांगतोस!” म्हणत त्यांनी खिशातून फोन काढला. “मग नीट धर, फोटो काढू. ग्रुपवर टाकतो.” मी रायफल त्यांच्या हातात कोंबली, वर जाऊन साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि वाढलेलं ताट तसंच सोडून निघालो. अजूनही त्यांचं आमंत्रण येतं. बरं वाटत नाही, असं मी कळवतो, आणि ते खोटं नसतं.