मुदतवाढीला स्वतः हजर

दुष्काळी कामावर खडी फोडताना दगड अंगावर आला आणि माझा उजवा पाय गुडघ्यापासून निकामी झाला. भरपाईचा अर्ज फेटाळला, म्हणून लातूरच्या कोर्टात अपील केलं. जिल्हा नुकताच नवा झालेला. मी कामावर होतो हे दाखवणारं मस्टर जुन्या जिल्ह्याच्या गठ्ठ्यांत अडकलेलं. ते हाती येईस्तोवर कागद दाखल करायला मुदतवाढ मागत राहायचं, एवढंच आमच्या हातात.

माझे वकील म्हणायचे, "तू स्वतः येत जा. कुबडी दिसली की जज्जसाहेब मुदत देतात." म्हणून दर तारखेला रेणापूरहून एसटीनं जायचो. कंडक्टर काखेत हात घालून वर चढवायचा. नाव पुकारलं की उभं राहायचं, सही करायची, परत फिरायचं. अशा अकरा तारखा झाल्या.

शेवटी मस्टर आलं. त्या दिवशी सरकारी वकिलांनी उठून माझ्याच सह्या मोजून दाखवल्या. "अकरा वेळा एसटीनं आलेला माणूस अपंग कसा?"

माझं टाळकंच फिरलं. "नसतो आलो तर मुदत दिली असती का, साहेब?"

साहेबांनी मला गप्प बसवलं. सरकारी वकिलांच्या मुद्द्यावर उत्तर दाखल करायला मला महिन्याची मुदत दिली आणि बजावलं, "अर्जदारानं स्वतः हजर राहायचं."