पुन्हा एक मडकं

ब्रेलच्या पाट्या काचेच्या आत बसल्या, त्या संग्रहालयाच्या मांडणीकारामुळेच. सुताराने विचारलं होतं, "पाट्या आत की बाहेर?" आणि शिडीवर चढलेल्या, तोंडात दोन स्क्रू धरलेल्या मांडणीकाराने मागे वळूनही न बघता सांगितलं होतं, "पाट्या आतच असतात. यात विचारायचं काय?" संग्रहालयात पाट्या आतच असतात, हे खरं. पण या पाट्या बोटांनी वाचायच्या होत्या. आता त्या डोळस लोकांना लख्ख दिसत होत्या आणि ज्यांच्यासाठी केल्या त्यांच्या बोटांना गार काच लागत होती.

ती काच पहिल्यांदा लागली एक्स्चेंजकाकांच्या बोटांना. काकांनी ती इकडून तिकडे चाचपली.

"छान पुसलीय," ते म्हणाले. "मजकूर कधी येणार?"

मांडणीकाराने कपाळावर हात मारला. परवा उद्घाटन, आणि सगळ्या काचा पुन्हा काढायच्या!

काकांची हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ऐन चाळिशीत नजर गेली, तरी निवृत्त होईपर्यंत ते कानाला यंत्र लावून लोकांना एकमेकांशी जोडत राहिले. घसा खाकरण्यावरून माणूस ओळखत. निवृत्तीनंतर मात्र त्यांना वेगळीच नोकरी लागली. गावात कुठेही 'सर्वांसाठी खुलं' असं काही निघालं की चाचणीला काकांना बोलावणं. सगळीकडे त्यांना एका टेबलाशी नेत आणि हातात मडकं देत. जुन्या मडक्याची नक्कल बनवणं सोपं, फुटलं तरी कोणी रडत नाही. मग सगळे भोवती गोल करून काकांचा चेहरा न्याहाळत, आनंद कधी उमटतो म्हणून. फोटोवाला म्हणे, "काका, हात मडक्यावरच राहू द्या, जरा हसा." काका हसत. हसून हसून त्यांचे गाल दुखत.

"इतकी मडकी झाली," ते म्हणत, "की आता कुंभार मला कामावर ठेवून घेईल."

असं असूनही आज ते आले, ते काकूंसाठी. काका-काकूंचा जुना शिरस्ता होता. संग्रहालयात शेजारी शेजारी उभं राहायचं, काकूंनी बघायचं आणि सांगायचं. पण आता काकूंच्याच डोळ्यांचा मधला भाग विझत चालला होता. कडेकडेचं दिसे, समोरच्याचं तोंड पुसलेलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. वरच्या मजल्यावरचं मोठं चित्र, नदीकाठच्या बाजाराचं, काकूंना नीट बघून घ्यायचं होतं, आणि काकांना त्यांच्याकडून ऐकून घ्यायचं होतं. तिथे दिवे मुद्दाम मंद ठेवलेले. खरा उजेड छताच्या काचेतून यायचा, म्हणजे ऊन असेपर्यंतच.

"लवकर आटपेल ना?" काकूंनी आल्या आल्या विचारलं होतं.

"आत्ता होईल," मांडणीकार म्हणाला होता. काकूंना त्याने बाहेरच्या बाकावर बसवलं. चाचणी स्वतंत्र व्हायला हवी, सोबतच्या माणसाने मदत करायची नाही, असा नियम होता. तो त्यानेच केला होता.

ते 'आत्ता' काही झालं नाही. काकांनी रॅम्पचा चढ फार आहे म्हणून मांडणीकाराला झापलं. मग कळलं, ते सामान चढवायच्या रॅम्पवरून आले होते. "मग सामानातर्फे सांगतो," काका म्हणाले. ऐकायच्या यंत्राचं बटण दाबलं तर ते परक्या भाषेत बोलायला लागलं. लिफ्ट 'दरवाजा बंद होत आहे' म्हणाली आणि उघडीच राहिली. मडकं होतंच. काका ते हातात घेऊन उगाच उभे राहिले.

"कसं वाटतंय?" मांडणीकाराने विचारलं.

"मडक्यासारखं."

चहा गार झाला. मांडणीकाराचे पाय सुजले होते, पण तो मागे हटेना. प्रत्येक उणीव टिपून घ्यायची, एकही सोडायची नाही. माणूस मनाने निर्मळ होता, तीच तर पंचाईत! निर्मळ माणसाच्या तावडीतून सुटणं कठीण. बाकावरच्या काकू दारातून दोनदा डोकावल्या. दोन्ही वेळा तो म्हणाला, "झालंच हं काकू."

तिघं वर पोचले तेव्हा छतातला उजेड पिवळट पडला होता. काकू भराभर पुढे गेल्या आणि मान तिरकी करून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून चित्र धरू लागल्या.

"अगं, बोल," काका म्हणाले.

"थांबा हो. एक बाई आहे. टोपलीशी बसलीय. बसण्याची ढब थेट तुमच्या थोरल्या वहिनींची."

"म्हणजे 'मला काही नको' म्हणत सगळं घेऊन जाणारी?"

"तीच. आणि पलीकडे एक बाप्या नुसताच उभा—"

"माफ करा हं," मांडणीकार लगबगीने मध्ये आला. न दिसणाऱ्यांसाठी चित्राचं वर्णन त्याने महिनाभर खपून लिहिलं होतं, आणि चाचणी त्या वर्णनाचीच व्हायची होती. चित्राला पाठ करून तो दोघांसमोर उभा राहिला आणि वाचू लागला. "चित्राच्या अग्रभागी डावीकडे एक स्त्री-आकृती असून, मध्यभागी जलाशयाचा विस्तार—"

काकूंनी मान डावीकडे कलवली, मग उजवीकडे. मग त्या गप्प झाल्या. काकाही गप्प. वाचणाऱ्याला वाटलं, रंगले. छताची काच राखाडी होत गेली. शेवटची ओळ संपली तेव्हा तो स्वतःही दमून गेला होता. पेन काढून त्याने अगदी मनापासून विचारलं, "काका, स्पष्ट सांगा. अजून काय अडसर वाटतो?"

"तुम्ही. बाजूला व्हा, तिला दिसत नाहीये."