एडक्याच्या परातीतले हरभरे

आधी एडक्यानं खायचं. मग मी.

मालकाच्या अंगणात कडब्याच्या गंजीजवळ पितळेची परात असायची. तिच्यात भिजवलेले हरभरे. मालकाचा टकरीचा एडका त्यात तोंड घालायचा, पोट भरलं की बाजूला व्हायचा. उरलेले हरभरे माझे. त्याची लाळ लागलेले.

त्या दिवशी सेलूहून मालकाचे व्याही आले होते. बाजेवर बसून चहा पीत होते. मालक माझ्याकडे बोट करून त्यांना म्हणाले, "दोन्ही जनावरं आपलीच हायेत. एक टकरीचं, एक कुस्तीचं." व्याही हसले. मी उकिडवा बसून चावत होतो. मान वर केली नाही. चावायचंही थांबवलं नाही, कारण भूक होती. त्यांचं हसणं एक वेळ विसरीन. माझं ते चावत राहणं मला अजून सहन होत नाही.

मी तेव्हा वीस वर्षांचा असेन. देवगाव फाट्यापासून कोसभर आत आमचं गाव. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. मालकाच्या पडीक रानात आमची मेंढरं चरायची, आणि त्याबदल्यात मी मालकाच्या मुलाचा, बापूसाहेबांचा, तालमीतला जोड होतो. जोड म्हणजे रोज सकाळी त्यांच्याशी झोंबायचं आणि शेवटी स्वतःच पाठ टेकवायची. तसा हुकूमच होता. निजाम जाऊन तीन वर्षं झाली होती. कचेरीवरचा झेंडा बदलला होता. माझी पाठ रोज मातीला लागतच होती.

बापूसाहेबांचा खुराक बघण्यासारखा. बदाम, तूप, लोण्याचा गोळा. आणि हरभऱ्याचं पाणी. रात्री हरभरे भिजत घालायचे, सकाळी पाणी गाळून त्यांना पेलाभर द्यायचं. मालकानं ठेवलेल्या वस्तादाचं मत पक्कं होतं. "कस सगळा पाण्यात उतरतो. दाण्यात काय ऱ्हायलंय? चोथा." म्हणून चोथा एडक्याला आणि मला. वरणाचं वरचं पातळ कढण बापूसाहेबांना, तळाची डाळ मला. लोणी त्यांना, घागरभर ताक मला. टाकून द्यायचं म्हणून जे जे काढलं, ते माझ्या पोटात गेलं.

तीन वर्षांत बापूसाहेबांच्या पोटाला वळ्या पडल्या. माझ्या मांड्या भरल्या, खांदे रुंदावले. वस्तादाला वाटायचं, मेंढक्याची जातच चिवट. ताकद त्यांनी स्वतःच्या हातानं मला वाढली आणि त्यांना पत्ता नव्हता. मलाही नव्हता.

गावच्या जत्रेत नाल उचलायचा मान मालकाच्या घराचा. नाल म्हणजे मधोमध भोक पाडून आत मूठ कोरलेला गोल दगड. दोन मणांच्या वर वजन. रीत अशी की मालकाच्या दारातून मैदानापर्यंत तो एका माणसानं खांद्यावरच न्यायचा. गाडीत घातला किंवा लोळवला, तर तो बाटला. मग खेळ बंद.

तो दोन जत्रा मीच नेला. अख्ख्या गावातून. मैदानात ठेवला की बापूसाहेब लंगोट कसून पुढे यायचे, छातीपर्यंत उचलायचे, टाकून द्यायचे. हलगी वाजायची. फेटा बांधला जायचा. मी घामानं निथळत त्यांचा सदरा हातात धरून उभा असायचो. आणि खरं सांगतो, मीही टाळ्या वाजवायचो.

तिसऱ्या जत्रेला नाल खांद्यावर घेऊन पाराजवळ आलो. तिथे बांगड्या विकणारी एक म्हातारी बसली होती, परगावची. ती शेजारणीला म्हणाली, "उचलला तर ह्या लेकरानं. मंग फेटा मालकाच्या पोराला कामून?"

एवढंच. मी थांबलो.

मागून मालक आले. "काय रे मेंढक्या, दमलास?"

दमलो नव्हतो. नाल अलगद खाली ठेवला आणि मागे उभ्या बापूसाहेबांना म्हणालो, "हितून पुढं तुमी न्या."

"उचल," मालक म्हणाले.

"न्हाई. फेटा ज्याचा, त्यानं उचलावं."

सगळं गाव बघत होतं. बापूसाहेबांना मागे फिरायची सोय उरली नाही. ते वाकले. नाल छातीपर्यंत आणला, तेवढी सवय होती. खांद्यावर घेताना मान लाल झाली. एक पाऊल टाकलं. दुसऱ्या पावलाला मांड्या लटपटल्या आणि नाल सुटला. पायाची बोटं थोडक्यात वाचली. हसायची कुणाची छाती नव्हती. पण हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली.

मला आनंद झाला. लय आनंद. तो मी कधी लपवला नाही.

दुसऱ्याच दिवशी मालकानं आमची मेंढरं रानातून हाकलली. आबा, माझा बाप, कपाळाला हात लावून बसला. "येक दगड उचलला असतास तर काय हात झडले असते?"

"झडले असते, आबा," मी म्हणालो.

आम्ही गाव सोडलं. मी पूर्णेला आलो, मालधक्क्यावर पोती उचलायला लागलो. आबानं निम्मी मेंढरं विकली आणि मरेपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही. तेही मी मालकाच्याच नावावर ठेवलंय.

नाल त्यांना शेवटी पहारी लावून पाराच्या कडेला सरकवावा लागला. बाटला. एका माणसानं खांद्यावर घेऊन मैदानात नेला तरच तो पुन्हा खेळात, असं गाव म्हणतं. त्यानंतर सहा जत्रा झाल्या. दुसऱ्या कुणाच्या खांद्याला तो पेलला नाही. खेळ नाही, फेटा नाही.

परवा तो वस्ताद मला शोधत मालधक्क्यावर आला. म्हातारा झालाय. "मालक म्हनतेत, झालं गेलं इसर. गावात ये, नाल उचल. फेटा तुलाच बांधायचा म्हनतेत."

मी पोतं खाली ठेवलं. "फेटा नको. तीच परात काढा. अंगणात ठेवा, गावासमोर. आधी एडक्यानं खायचं. मग बापूसाहेबांनी, उकिडवं बसून. चावताना मला दिसलं पायजे. मग मी नाल उचलतो."

"तो एडका कवाच मेला रे."

"दुसरा आणा."

वस्ताद आल्या वाटेनं परत गेला. मालक कबूल होणार नाहीत, मला ठाऊक आहे. न होवोत. मी घाईत नाही. रोज पहाटे दोन मुठी हरभरे खातो, दाणेही खातो आणि पाणीही पितो. ज्या दिवशी ती परात बाहेर निघेल, त्या दिवशी माझा खांदा तयार पाहिजे. तोवर दगड तिथंच राहील.