ईदच्या शेवया आणि देवाची मूठ

शेवयांत असतं काय हो? रवा, मीठ, पाणी! त्यात हलाल की हराम ते बघायला माणूस घरी येणार म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. पण बोलायची सोय नव्हती. मध्यप्रदेश नुकताच झाला होता, आमचं शहर सोडून राजधानी भोपाळला गेली म्हणून वडील उठताबसता शिव्या घालायचे, आणि त्यातच ते कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली. घर चालायचं ते आईच्या हातच्या शेवयांवर. शहरातल्या बंबई बाजारातले एक मुसलमान दुकानदार ईदसाठी तिचा सगळा माल घ्यायला तयार होते. पण हिंदूच्या घरचं म्हणून गिऱ्हाइकं विचारणार, तेव्हा आधी मौलवीसाहेबांनी पाहून हो म्हणायला हवं होतं.

"विचारतील तेवढंच सांग," वडिलांनी आईला बजावलं. "जादा शहाणपणा नको."

मौलवीसाहेब दुकानदाराबरोबर आले. परात पाहिली, पाण्याचा हंडा पाहिला. हाताला काय लावता, विचारलं.

"मूंगफली का तेल," आई म्हणाली.

"चरबी वगैरा?"

"अहो, हमारे घर में तो अंडा भी नहीं आता!"

ते हसले. माझा जीव भांड्यात पडला. निघता निघता मात्र ते दारात थबकले.

"इसमें से भगवान को चढ़ता है क्या? चढ़ावे का हमारे यहाँ नहीं चलता."

"नहीं साहब, बिल्कुल नहीं," वडील चटकन म्हणाले.

आमच्याकडे पहिली मूठ देवाची, हे गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. गप्प बस गं आई, एकदाच गप्प बस, असं मी मनात घोकत होते.

"चढ़ता है," आई म्हणाली. "पहली मुठ्ठी पकाकर भगवान को दिखाती हूँ. इनको मालूम है."

वडिलांचा चेहरा पांढरा पडला. दुकानदार जमिनीकडे बघायला लागले.

"और बाकी?" मौलवीसाहेबांनी विचारलं.

"बाकी सब अलग. नैवेद्याचं आम्ही घरातच खातो, वो परत इसमें नहीं मिलाती. प्रसाद बेचूँगी मैं?" आईचा आवाज चढला होता.

मौलवीसाहेब काठीवर वाळणाऱ्या शेवयांकडे बघत उभे राहिले. शेवटी ते दुकानदारांना म्हणाले, "माल ले लो. और अगले साल कुछ पूछना हो, तो बहनजी से पूछना."

ते गेले आणि वडील भडकले. "परक्यांसमोर मला खोटारडा ठरवलंस! नाही म्हणाले असते तर? पोरांच्या ताटात काय वाढलं असतंस, तुझं खरेपण?"

आईनं पदरानं कपाळावरचा घाम पुसला. तेव्हा कुठे मला कळलं, तीसुद्धा घाबरलेली होती.

"रडले असते मी," ती म्हणाली. "पण ईदच्या दिवशी ती माणसं माझ्या भरवशावर आपल्या पोरांना वाटी भरून देणार. फसवून वाढलं असतं, तर माझ्या घशाखाली जन्मभर घास उतरला नसता."

वडील त्या दिवशी जेवले नाहीत.