भाचीचा पहिला गोल

माझ्या भाचीने आजवरच्या आयुष्यात एकही गोष्ट आधी सांगून केलेली नाही. समोरच्या माणसाला बातमी पचवायला जरा वेळ लागतो, हे तिच्या गावीही नसतं. महाडच्या कोर्टाबाहेर मी सत्तावीस वर्षं टायपिंगचं टेबल मांडून बसलोय. भावाभावांचे दावे, सुनेने सासूवर आणि सासूने सुनेवर केलेले अर्ज, बांध कोरल्याच्या तक्रारी, सगळं माझ्या बोटांखालून गेलंय. त्यामुळे माणूस नावाच्या प्राण्याने काहीही केलं तरी आपल्याला धक्का म्हणून बसायचा नाही, असा माझा समज होता. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी आठवीसाठी कापडे गावाहून आमच्याकडे राहायला आली आणि तो समज पहिल्याच शनिवारी मोडला.

मारुतीला द्यायचा नारळ आणायला बायकोने तिला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं होतं. बराच वेळ झाला म्हणून मी दारात येऊन पाहतो तर पोरगी गल्लीतून तो नारळ पायाने आणत होती. लाथा मारत नव्हती. अगदी हळुवार, वासराला चुचकारत आणावं तशी. एका स्कूटरला तिने तो डावीकडून चुकवला, एका म्हाताऱ्याच्या काठीखालून काढला आणि आमच्या पायरीशी आणून बरोब्बर थांबवला. बायको धावत बाहेर आली.

"अगं, देवाचा नारळ! पायाने?"

"पिशवी दिली नव्हतीत, मामी."

"हात होते ना?"

"हातात साखर होती."

तो नारळ मारुतीकडे गेला नाही, रविवारच्या कालवणात गेला, आणि दोनदा कालवण मागून घेणारी घरात एकटी तीच होती. कांद्याबटाट्यांची टोपली त्या दिवसापासून आम्ही माळ्यावर ठेवायला लागलो.

तिचं बोलणं टपालाच्या तारेसारखं होतं, मोजक्या शब्दांत बातमी. जेवताना, तोंडात घास असताना, आणि तोही मोठा. वर्षभराने एकदा शाळेतून खेळाच्या सरांचा निरोप आला, की येऊन भेटा. मी मनातल्या मनात माफीचा अर्ज टाइप करतच गेलो. सर गंभीर होते.

"तुमची भाची मुलांच्या संघाबरोबर फुटबॉल खेळते, माहीत आहे?"

"नाही सर. आजपासून बंद करतो."

"बंद कसलं करताय! मी म्हणतोय, तिला सांगा, जरा त्या मुलांनाही शिकव. माझं कोणी ऐकत नाही."

मी घरी येऊन विचारलं, "आम्हाला बोलली का नाहीस गो?" तर म्हणाली, "तुम्ही विचारलंत कुठे?" एक वर्ष ही पोर रोज संध्याकाळी गुडघे फोडून येत होती आणि आम्ही समजत होतो की महाडचे रस्ते खराब आहेत.

तिची दुसरी खोड याहून कठीण. ती खरं बोलते. चारचौघांत वागताना आपण जरा राखून खरं बोलतो, तसं नाही. पुण्याला मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि पालक म्हणून मी गेलो होतो. शेवटची पाच मिनिटं, बरोबरी. आमच्या जाळीसमोर गर्दी झाली, चेंडू हिच्या कोपराला निसटता लागला आणि बाहेर गेला. पंचाने पाहिलं नाही, समोरच्या मुलींनीही पाहिलं नाही. आणि ही बाई वर्गात उत्तर येत असल्यासारखा हात वर करून उभी! मला वाटलं, पाणी मागतेय. पंच धावत आला, हिने कोपर दाखवलं, त्याने पेनल्टी दिली आणि आम्ही हरलो. तिच्या प्रशिक्षकांनी टोपी जमिनीवर आपटली. परतीच्या एसटीत वरंध्याचा घाट लागल्यावर मला राहवेना.

"अगं, पंचाला दिसलं नव्हतं!"

"मला दिसलं ना," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. सत्तावीस वर्षं मी प्रतिज्ञापत्रं टाइप करतोय. 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' हे वाक्य माझ्या बोटांनी हजारो वेळा लिहिलंय. त्या वाक्याचा अर्थ त्या दिवशी माझ्या खांद्यावर घोरत होता.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या ऐन दिवसांत, तिने असंच एकदा तोंडात घास असताना सांगितलं, "मामा, दक्षिणेतल्या एका क्लबने घेतलंय मला. पगारावर. मी सही केली." करारनामा इंग्रजीत, सोळा पानांचा, आणि हिने एक ओळ वाचलेली नाही! दुसऱ्या दिवशी मी टेबलावरची सगळी कामं बाजूला सारून तो करार मराठीत टाइप केला आणि तिला घेऊन पोलादपूरमार्गे कापडं गाठलं. माझे दाजी, म्हणजे तिचे वडील, गुडघाभर चिखलात उभे होते. त्यांनी ऐकलं आणि हातातली रोपांची मूठ खाली टाकली.

"नाय म्हंजे नाय. पोरगी एवढ्या लांब, नि ते पन खेळाया? लोक काय म्हनतील?"

भाची ओढणी कमरेला खोचून वाफ्यात उतरली आणि रोपं लावायला लागली. मी बांधावर छत्रीखाली बसून करार मोठ्याने वाचायला घेतला. दाजींनी सगळी कलमं निमूट ऐकली. दुखापतीच्या कलमाला मात्र थांबवलं.

"पाय मोडंल, आसं अगोदरच लिव्हून घेत्यात?"

"मोडला तर, दाजी. औषधपाणी क्लब करणार."

"नि जेवाया काय? तिकडं भात देतात का?"

"दाजी, तिकडे भाताशिवाय दुसरं काही खात नाहीत."

त्यांनी बराच वेळ पोरीच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. तिच्या ओळी त्यांच्यापेक्षा सरळ होत्या. "ह्यो वाफा पुरा कर, मंग जा," ते म्हणाले. बस्स, एवढंच. मला वाटलं होतं निदान आठवडाभर भांडण चालेल. मी दोन जादा सदरे घेऊन गेलो होतो.

तिचा पहिला सामना मोबाइलवर दिसणार होता. बहिणीच्या गावात रेंज नाही, म्हणून निम्मं गाव घाटाच्या रस्त्यावर वरच्या वळणाला गेलं. एका टेम्पोच्या बॉनेटवर फोन टेकवला. बायकांनी सोबत भाकऱ्या आणल्या होत्या. उत्तरार्धात ही बदली खेळाडू म्हणून आत आली तेव्हा असा ओरडा झाला की महाबळेश्वरकडे निघालेली एक गाडी घाबरून थांबली. दहाच मिनिटांनी समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला. आमची पोर सगळ्यांपेक्षा वर उडाली, डोकं सणसणीत बसलं, आणि चेंडू गेला थेट आमच्याच जाळीत.

वळणावर चिडीचूप झालं. ज्यांना खेळ कळत होता ते जागच्या जागी थिजले. आणि त्या शांततेत एकच माणूस टाळ्या वाजवत होता. दाजी.

"मारला! आपल्या पोरीनं मारला! बघितलात का नाय?"

ते प्रत्येकाकडे वळून हसत होते. मी तोंड उघडलं आणि मिटलं. बहिणीने डोळ्याला पदर लावला. दाजी तेही आनंदाचे अश्रू समजले.

सामना हरल्यावर तासाभराने तिचा फोन आला. आम्ही अजून वळणावरच होतो. पलीकडे ती रडत होती. आठवीपासून मी तिला ओळखतो. गुडघा, कोपर, नख, सगळं फुटताना पाहिलंय, पण रडणं नाही. "बाबांना द्या," ती म्हणाली. मी फोन दाजींकडे दिला आणि आवाज मोठा केला.

"गोल मारलास गो! सगल्या गावानं बघितला!"

मला वाटलं, बाई, आज एक दिवस गप्प राहा. माणूस खूश आहे, राहू दे.

"बाबा, तो आपल्याच जाळीत गेला. माज्यामुळं हरलो आमी."

दाजींचा हसरा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या कानात वेगळं ऐकू येईल.

"आपल्याच?"

"हां."

"बरं," ते म्हणाले. "तू जेवलीस का?"

"नाय."

"मंग जेव आधी."

खाली उतरताना ते माझ्या शेजारून चालत होते. निम्म्या वाटेत थांबले. "पाव्हणं, तुमाला ठावं व्हतं ना?" मी मान हलवली. "मंग मला का नाय बोल्लात?" मी म्हटलं, "तुम्ही टाळ्या वाजवत होतात, दाजी." ते पुन्हा चालायला लागले.

त्यानंतर पुढचे सहा सामने तिला नुसतं बसवून ठेवलं. करार मोडतो की काय, म्हणून मी कलमं काढून काढून वाचत होतो. मग बचावातली एक मुलगी आजारी पडली, हिला उतरवलं, आणि पुन्हा बाहेर काढायचं काही कारण त्यांना सापडलं नाही. आता करार दोन वर्षांनी वाढलाय. समोरच्या जाळीत तिने अजून एकही गोल मारलेला नाही. तिचं काम मारायचं नसून अडवायचं आहे, हे मला दाजींनी समजावलं. होय, दाजींनी! त्यांना आता ऑफसाइडसुद्धा कळतं. मला अजून कळत नाही.

सामना असला की ते सकाळच्या एसटीने महाडला माझ्या टेबलाशी येतात. पक्षकारांना बाजूला बसवून आम्ही फोन उभा करतो. ती गावाला वर्षातून एकदा येते, चार दिवस. त्यातले दोन झोपण्यात जातात. परवा दुखऱ्या घोट्यामुळे ती खेळत नव्हती. नव्वद मिनिटांत कॅमेरा बाकावरून एकदाच फिरला. अंगावर टॉवेल घेऊन ती बसली होती. केस कापलेले होते, जरा बारीक झाल्यासारखी वाटली. दाजींनी फोन उचलून डोळ्यांजवळ घेतला, तोवर चित्र बदललं.

सामना संपला, पडदा काळा झाला. मी फोन घ्यायला हात पुढे केला.

"दाजी, संपला सामना."

"ठावं हाय," ते म्हणाले. फोन मात्र त्यांनी बराच वेळ हातातच धरून ठेवला.