जांभ्याच्या धोंड्यावर वाटलेली चटणी

माझं लग्न झालं तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. राजापूरकडच्या माहेराहून मी रत्नागिरीजवळ खाडीकाठच्या गावात आले आणि पंधरा दिवसांत हे मुंबईला गिरणीत परत गेले. थोरले दीर आधीपासून तिथेच होते. घरात उरलो तिघं: सासरे, मोठ्या जाऊबाई आणि मी.

सासूबाई गेल्यापासून दहा वर्षं स्वयंपाकघर जाऊबाईंच्या हातात होतं. ते माझ्या हाती लागू द्यायचं नाही, असं मी उंबरठा ओलांडला त्याच दिवशी त्यांनी ठरवलं असावं. मी पाणी भरायचं, भांडी घासायची, गोठा काढायचा. चुलीपुढे बसलेली दिसले की त्या नुसत्या मागे येऊन उभ्या राहत. मग मीच उठत असे.

मीही गरीब गाय नव्हते. त्यांनी काढलेल्या रांगोळीवरून मी मुद्दाम ओल्या पायांनी जात असे.

कार्तिकात सासऱ्यांना हिवताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. मऊभाताचे चार घास खाऊन ते ताट सरकवू लागले. परसातला आवळा तेव्हा फळांनी वाकला होता. जाऊबाईंनी आवळे निखाऱ्यात भाजले आणि सुक्या मिरच्या, लसूण घालून चटणी वाटली. सासऱ्यांनी बोटभर चाटली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"तोंड सोललं माझं," ते म्हणाले.

मी दाराआड उभी होते. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी जाऊबाई खालच्या व्हाळावर धुणं घेऊन गेल्या तशी मी आवळे काढले. माझी आई करायची तसे वाफवून बिया काढल्या. ओलं खोबरं, दोन हिरव्या मिरच्या, आलं, जिरं, मीठ आणि गुळाचा खडा. त्यांच्याच पाट्यावर बारीक वाटून वर हिंगाची फोडणी दिली. सासरे त्या दिवशी भात दोनदा मागून जेवले.

"कोणी केली गो ही? रोज करत जा," ते म्हणाले.

नेमक्या तेव्हाच जाऊबाई धुण्याची बादली घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली, आत गेल्या, पाटा राखेनं घासून धुतला आणि भिंतीला उभा केला.

"हा पाटा माझ्या माहेरचा आहे. याला पुन्हा हात लावायचा नाही हो."

"मग मी वाटू कशावर?"

"ते तुझं तू बघ. चटणी तू करतेस ना?"

त्यांच्यापुढे हात पसरायचा नाही, असं मी ठरवलं. विहिरीपाशी जांभ्याचा एक धोंडा होता, पूर्वी कपडे आपटून आपटून गुळगुळीत झालेला. तो तीनदा धुतला, व्हाळातून एक गोटा आणला आणि चटणी तिथे वाटू लागले. जांभा झिजतो, त्याचे खडे सुटतात, हे कोकणात जन्मलेल्या पोरीला सांगावं लागत नाही. पण माझ्या डोळ्यांवर रागाची झापड होती. चार दिवस निभावलं. पाचव्या दिवशी सासऱ्यांनी घास चावला आणि कट्कन आवाज झाला. त्यांनी तोंडाशी हात नेला. तळव्यावर एक खडा आला, अर्धा दात आला, रक्त आलं.

"कोणी वाटली ही?" ते ओरडले.

जाऊबाई चुलीशी होत्या. मी वाढत होते. तोंडातून खरं बाहेर येईना.

"वाटली मीच, मामंजी," मी म्हणाले. "पण वाटून झाकून ठेवली होती. मागून कोणी त्यात काय घातलं, मला काय माहीत?"

एवढं बोलून मी जाऊबाईंकडे बघितलं. नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही.

सासरे ताट सरकवून उठले. "उद्यापासून माझ्या ताटाला तू हात लावू नकोस," ते जाऊबाईंना म्हणाले.

जाऊबाई पुढे आल्या, वाकून चटणीच्या वाटीत बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता त्या माझ्या झिंज्या धरणार. त्यांनी पाटा दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरला आणि पडवीच्या टोकाला नेऊन ठेवला. संध्याकाळपर्यंत तिथे तीन दगडांची चूल पेटली होती.

शिमग्याला थोरले दीर आले. त्यांनी बापाची समजूत घालून पाहिली, बायकोची घालून पाहिली. दोघंही हटेनात. शेवटी त्यांनीच पडवीच्या चुलीला माती लिंपून दिली. पुढे दोन वर्षं आम्ही एका विहिरीचं पाणी भरलं, पण एकमेकींशी शब्द बोललो नाही. मी हंडा घेऊन निघाले की त्या वाटेतून बाजूला होत नसत. मीही होत नसे. खांद्याला खांदा घासून जात असू.

मग दिरांना मुंबईत खोली मिळाली आणि ते जाऊबाईंना न्यायला आले. एसटी सकाळची होती. दीर ट्रंक घेऊन पुढे गेले तेव्हा त्या परत मागे आल्या आणि अंगणात माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"खडा जांभ्याचा होता," त्या म्हणाल्या. "वाटीत लाल भुकटी दिसत होती मला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर म्हातारा तुला ओरडला असता. तू चार टिपं गाळली असतीस आणि मोकळी झाली असतीस. मला तुला मोकळं करायचं नव्हतं."

त्या वळल्या आणि पाणंदीनं खाली उतरल्या. एकदाही मागे बघितलं नाही.

लोकांना वाटेल मी तेव्हा रडले असेन, मामंजींकडे जाऊन खरं सांगितलं असेल. तसं काही झालं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. दोन वर्षं मी एकटीनं कपट केलं असं समजत होते, आणि ही बाई शेजारी बसून ते शांतपणे जोखत होती! दुपारी सासरे झोपले तशी मी कुदळ घेतली आणि पडवीतली जाऊबाईंची चूल फोडली. ती माती टोपल्या भरभरून माडांच्या मुळाशी टाकली आणि जागा सारवून घेतली.