जिजाबाईला पाठ झालेला शब्द

साधना मालेगावजवळच्या मळ्यात बसून मोबाइलवर स्पॅनिश शिकत होती. घरबसल्या अनुवादाची नोकरी मिळावी, एवढाच हेतू. या स्पॅनिशची एक खोड आहे. आनंद, भीती, वाईट, मनाला काहीही वाटलं की पुढचं क्रियापद आपलं रूप बदलून येतं. मोबाइलवर शिकवणाऱ्या निता मॅडमनी गृहपाठ दिला, स्वतःला खरोखर जे वाटतं त्याची पाच वाक्यं लिहा.

चार वाक्यं पोरीने पुस्तकी लिहिली. पाचवं मनातलं उतरलं: 'मे दा वेर्ग्वेन्सा के मि माद्रे वेन्दा वेर्दुरास एन ला काये.' आई रस्त्यावर भाजी विकते, याची मला लाज वाटते. परक्या भाषेत लिहिलं की पाप लागत नाही, असं तिला वाटलं असावं. क्रियापद बिनचूक बदललं म्हणून मॅडमनी शाबासकीही दिली. त्या भरात ती वाक्य घोकत बसली, आणि तेही कुठे, तर मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या जिजाबाईच्या, म्हणजे त्याच आईच्या, पुढ्यात.

"काय म्हनून राह्यली वं?" जिजाबाईने विचारलं.

"मले तुहा अभिमान वाटते, असं हाय ते," साधना वहीतून मान वर न काढता म्हणाली.

त्या दिवशी जिजाबाईने जुड्या जरा मोठ्याच बांधल्या. त्या जुड्या पाहून साधनाला फार अपराधी वाटलं.

आठवडी बाजारात ती डबा घेऊन गेली, तर जिजाबाई शेजारी कांदे विकणाऱ्या ललिताबाईला सांगत होती, "माही पोरगी मले काय म्हनते, मालूम हाय? मे दा वेर्ग्वेन्सा. म्हन्जे तुहा अभिमान वाटते." उच्चार अगदी चोख होता.

साधनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प राहिली असती तर त्या बाजारात कुणाला कळणार होतं? पण आईच्या तोंडून ती लाज तिला ऐकवेना. ती गोणपाटावर आईला खेटून बसली.

"माय, मी खोटं बोलली. त्याचा अर्थ लाज हाय. तू इथं बसते, त्याची मले लाज वाटे. माफ कर मले."

जिजाबाईने मेथीवर पाणी शिंपडलं.

"मंग अभिमानाले काय म्हनतेत?"

"ओर्गुयो."

तिने दोनदा म्हणून पाहिलं. "हा नाही बसत जिभेवर," ती म्हणाली. "पयलाच पाठ झाला मले." आणि समोर आलेल्या बाईला ती जुडी दाखवू लागली.